भिंतीपलीकडचे लूम

भगवंतभाऊला ऐकू कमीच यायचं. सगळा जन्म नवागामच्या कापडाच्या लूमवर गेला, कान शाबूत राहतील कसे? त्याच्याशी बोलायचं तर ओरडायचं, आणि तो उत्तर द्यायचा तेही ओरडूनच. नवराबायकोनं भाजी काय करायची हे ठरवलं तरी आम्हाला वाटायचं, पेटलं भांडण! मी मंदा, त्यांची शेजारीण.

त्याची खाट भिंतीला लागून. भिंतीपलीकडं शेठचं लूमचं खातं, म्हणजे कारखानाच, दिवसरात्र धडधड. खाट थरथरायची, फळीवरची भांडी वाजायची. मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी कान धरून पळायचा. भगवंतभाऊ मात्र भिंतीला पाठ लागली की घोरायला लागायचा. लाइट गेली, लूम थांबले, की दचकून उठायचा!

मग त्याच्या पोटात कॅन्सर निघाला. औषधं हरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता इथं सुया टोचत ठेवण्यापेक्षा घरी न्या, दुखणं कमी करायला नर्स घरी येईल. चंद्रभागावहिनीनं काळजावर दगड ठेवून हो म्हटलं. बरोबरच केलं, मी आजही म्हणते. पण घर कुठलं? मुलगा धम्मरत्न लांब कामरेजला फ्लॅटमध्ये राहतो. "बाबांना शांतता पाहिजे," म्हणाला आणि आईबापाला तिकडं घेऊन गेला.

नर्स हर्षदा गुणाची पोर. तिच्या औषधानं दुखणं उतरलं, भाऊ वाटीभर वरणभात खायला लागला. झोप मात्र येईना. मी भेटायला गेले तर डोळे टक्क उघडे. मला बघून ओरडला, "मंदे, मला नवागामला ने! इथं लई सुनं लागतं." हर्षदाही म्हणाली, "मी तिकडं येईन की. त्यांना हवं तिथं राहू द्या."

मी धम्मरत्नला गाठलं. "अरे, बापाला घरी ने ना!"

"दिवाळीत नेतो, मावशी. आपल्या बौद्धांत दिवाळी नसली तरी सुट्टी असते. आणि तेव्हा लूमही बंद असतात. बाबांना आराम पडेल."

"मेल्या, त्याला ती धडधडच पाहिजे रे!"

तो हसला. "मावशी, त्यांना ऐकू कुठं येतं?"

आता या शहाण्याला काय म्हणावं! पोरगं वाईट नाही हो. बापाचं हागणंमुतणं स्वतःच्या हातानं काढायचं, औषधाची वेळ कधी चुकवली नाही. मायेत कमी नव्हता. म्हणूनच मला जास्त राग येतो.

धनतेरसला आणलं. कारीगर गावाला गेलेले, गल्ली ओस पडलेली. भाऊला त्याच्या खाटेवर निजवलं. त्यानं हात सरकवत सरकवत भिंतीवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग ओरडला, "बंद का रे?"

"दिवाळी आहे, बाबा!"

"चालू कधी?"

"आठवड्यानं, लाभपाचमला!"

भाऊनं डोळे मिटले, पण झोपला नाही. आम्हाला कळत होतं ना! धम्मरत्नचा चेहरा तेव्हा उतरला. आम्ही दोघं शेठकडं गेलो. मी म्हटलं, "शेठ, एक मशीन चालू कर ना. माणूस चाललाय." शेठचेही डोळे भरले. पण दिवाळीनंतर धंदा उघडायचा तो लाभपाचमचा मुहूर्त, त्याआधी तो मशीनला हात लावू देईना. धम्मरत्न त्याच्या पाया पडला, तरी नाही.

भाऊबीजेच्या सकाळी भाऊ गेला. हात भिंतीवरच होता. हर्षदा म्हणाली, "काही दुखलं नाही, शांत गेले." शांत! त्या शब्दाचीच मला चीड आली.

लाभपाचमला पलीकडं नारळ फुटला आणि लूम सुरू झाले. भांडी वाजायला लागली. धम्मरत्न रिकाम्या खाटेवर बसला होता. खाट थरथरली तसा तो उठून उभा राहिला, आणि बापाशी बोलायचा तसाच मोठ्यानं ओरडला, "बाबा, चालू झाले!"