आकृती सात

माझ्या नोकरीत चेहरे पुष्कळ आले आणि विसरलेही गेले. एक प्रकरण मात्र कानात राहिलं आहे.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सुटली, पोलीस भरतीसाठी या शहरात आलो आणि इथंच सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आठवी शिकलेल्या माणसाला या खात्यानं सांभाळलं, ते उपकार मी विसरत नाही. पण विद्यापीठाचं काम आलं की मी प्रत्येक कागद दोनदा तपासायचो. चूक होईल, आणि तीही शिकलेल्या माणसांसमोर, ही भीती.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका प्रकाशकाचा तक्रारी अर्ज आला. त्यांचं भूगोलाचं अख्खं पुस्तक कुणीतरी मोठ्यानं वाचून, ते रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या नेटवर्कवर ठेवलं होतं. वसतिगृहातली पोरं ते उतरवून घेत होती. एका विद्यार्थ्यानंच प्रकाशकाला ही खबर दिली होती. कॉपीराइटचा भंग झाला, गुन्हा नोंदवा, असं म्हणणं. मोठ्या साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. सायबरच्या शिपायानं माग काढला तो ग्रंथालयातल्या एका संगणकापर्यंत. पण त्यावर सगळेच बसत. हातात उरला फक्त एका बाईचा आवाज.

दुपारी ठाण्यातच हेडफोन लावून बसलो. "काय, सासूबाईंचा फोन का?" हवालदारानं टोमणा मारला. मी ऐकत राहिलो. मध्येच ती म्हणाली, "आकृती सात. हात उताणा धर, मनगट जरा खाली कर. तळहातावर कुठंही पाणी सांडलं तरी मनगटाकडंच येतंय ना? बोटं म्हणजे उपनद्या. सगळा तळहात म्हणजे खोरं."

मी टेबलाखाली हात उताणा धरला. नदीचं खोरं म्हणजे काय, ते मला त्या वयात कळलं. मग डोक्यात आलं, पुस्तकात आकृती छापलेली असताना ती हातावर कशाला समजवायची? ऐकणाऱ्याला दिसत नसणार.

भूगोल विभागात दृष्टिहीन विद्यार्थी एकच होता, बिडकीनचा, तिशीतला. त्याला ठाण्यात न बोलावता ग्रंथालयातच गाठलं.

"मीच वाचलं, साहेब."

"आवाज बाईचा आहे."

"सर्दी झाली होती."

"अख्खं पुस्तकभर?"

"लई वाईट सर्दी होती, साहेब."

मी हसू दाबतो न दाबतो तोच मागच्या टेबलावरून एक मुलगी उठून आली. "उगं खोटं बोलू नको, दादा. साहेब, आवाज माझा हाय." ती त्याची वर्गमैत्रीण. तिनं नाव सांगितलं आणि मी चरकलो. तलाठी म्हणून निवड झालेल्या या उस्मानपुऱ्यातल्या मुलीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. गुन्हा नोंदला तर तिची नोकरी धोक्यात येणार होती. त्यालाही हे ठाऊक होतं, म्हणून ती सर्दी.

"एकट्यासाठी वाचलंस, मग सगळ्यांना खुलं का केलंस?"

"मी नाय केलं. मी पासवर्ड लावूनच ठेवलं होतं."

तो मान खाली घालून म्हणाला, "पासवर्डची चौकट माझं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बोलतच नव्हतं. संगणक कक्षात सांगितलं, काय तरी करा. त्यांनी कुलूपच काढलं."

संगणक कक्षातले गृहस्थ आधी कानावर हात ठेवून मोकळे झाले. मी त्यांची तक्रार नोंदवही मागितली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'फोल्डर सर्वांसाठी खुले केले. विद्यार्थ्याची अडचण दूर.'

सरकारी वकीलबाईंना मी दोनदा विचारलं, चूक नको म्हणून. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पुस्तक असं वाचून द्यायला कायद्यात मुभा आहे. गावभर वाटायला नाही. मग फोल्डरला पुन्हा कुलूप लागलं, त्या एकट्याला उघडेल असं. प्रकाशकाच्या माणसाला मी आकृती सात ऐकवली. तो म्हणाला, "आमच्या पुस्तकात हे इतकं सोपं नाही." तक्रार पुढं चालवायची नाही, असा जबाब त्यानं दिला आणि अर्ज दप्तरी दाखल झाला.

आम्ही पोलीस आधी विचारतो, कुणी केलं? त्याच्या जोडीला कुणासाठी केलं हेही विचारावं, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो. तेव्हा मी नुसतं 'कुणी केलं' एवढंच धरून बसलो असतो, तर त्या मुलीचं वाटोळं माझ्या हातून झालं असतं.

पडताळणीच्या अहवालात 'प्रतिकूल बाबी' असा रकाना असतो. तिच्या अहवालात मी तिथं 'निरंक' लिहिलं, आणि शब्द बरोबर लिहिला ना, ते हवालदाराला दाखवूनच कागद साहेबांच्या सहीला ठेवला.