बजाबाईचा पांढरा टॉवेल

बजाबाई माणसांना माणसं समजत नसे, टॉवेल समजे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात बावीस वर्षं टॉवेल तपासून तिला ही खोड लागली होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती मदतनीस म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "जोतिराम, तुजी कॉलर उसवलीया की." मी इथं लोकांचा चष्म्याचा नंबर काढतो. तिचाही काढू म्हटलं, तर म्हणाली, "बावीस वर्सं म्या तपासलंय. आता तू मला तपासनार व्हय?"

तिच्याकडे लाल दिव्याचं काम आलं. ज्या मुलांना लांबचं दिसत नाही, त्यांचा नंबर भराभर वाढू नये म्हणून आमच्या डॉक्टर मॅडम काहींना हा उपचार देत. यंत्राच्या दोन भोकांतून लाल उजेडाकडे तीन मिनिटं बघायचं, दिवसातून दोनदा. मग डोळे मिटायचे. डोळ्यांपुढे तरंगणारा डाग पाच मिनिटांत गेला पाहिजे. नाही गेला तर दिवा बंद, मॅडमना बोलवा. मी विचारायचो, "गेला?" पोरं "गेला" म्हणत बुटांकडे धावायची आणि मी कागदावर खूण करायचो. पगार डोळे तपासायचा घेत होतो, आणि पोरांचा शब्द डोळे झाकून मानत होतो.

बजाबाईला हे पसंत पडेना. कारखाना सोडताना स्वतः निवडून घेतलेला, एकही खोट नसलेला पांढरा टॉवेल तिनं घरून आणला. तो पोरांपुढे धरून म्हणायची, "येक डोळा झाकून बग. खोट कुटं हाय सांग." पोरं शोधशोध शोधून "नाही" म्हणायची. "पास!" बजाबाई म्हणायची. मी मॅडमना सांगितलं, आपल्याकडे आता अंग पुसायचं उपकरणही आलंय.

नऊ वर्षांची संस्कृती मला "गेला" म्हणाली. मी खूणही केली. टॉवेलासमोर मात्र तिनं उजवा डोळा झाकला आणि म्हणाली, "आजी, मधोमध आहे. राखाडी."

बजाबाईनं टॉवेल फिरवला, उलटा धरला. डाग तिथंच, मधोमध. तिनं मॅडमना अशी हाक मारली की बाहेरचे पेशंटही उठून उभे राहिले.

संस्कृतीचे वडील युवराज सर, क्लासवाले, तावातावानं आत आले. "मावशी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाय. पर बाकीची पोरं पास हायती. तुमी घरी काय केलंय ते सांगा."

सांगितलं पोरीनं. पप्पा दुपारी घरीही दोनदा बघायला लावतात आणि कुणाला सांगायचं नाही म्हणतात. आमचं यंत्र एका मुलासाठी दिवसात तिसऱ्यांदा चालत नाही, म्हणून सरांनी कुठून तरी दुसरं भाड्यानं आणलं होतं. "जादा सराव," सर पुटपुटले. डोळ्यांचाही क्लास!

"इस्त्री जादा येळ ठिवली की कापड जळतं," बजाबाई म्हणाली. "यवढं तर मलाबी कळतं की."

मॅडमनी तपासलं. डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती, आणि ती किती भरून येईल ते सांगता येत नव्हतं. संस्कृतीचा दिवा बंद झाला. मला भयंकर लाज वाटली. कागदावरची ती खूण माझी होती.

पुढे तीन महिने संस्कृती दर आठवड्याला तपासायला यायची. मॅडमचं झालं की बजाबाई टॉवेल धरायची. डाग आधी फिका झाला, मग लहान. युवराज सर दाराबाहेर उभे असायचे.

एका मंगळवारी संस्कृतीनं डाव्या डोळ्यानं बराच वेळ टॉवेल न्याहाळला.

"डाग नाही, आजी."

बजाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"पण कडेला एक धागा सुटलाय."

"ह्या टॉवेलात? शक्यच न्हाय!" तिनं टॉवेल नाकाशी नेला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. तिला काही दिसेना. शेवटी पोरीनंच तिचं बोट धरून जागेवर टेकवलं. धागा बोटाला लागला.

बजाबाईनं धाग्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"पोरगी पास," ती म्हणाली. मग टॉवेलाची घडी घालून तो काखेत मारला आणि येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"तपास."