मामाशिवाय लागलेलं लग्न

भवानीनगरच्या सर्जेरावांचा ऊस कारखान्याला जायचा आणि लगीनसराईत त्यांची जीप वऱ्हाडं वाहायची. त्यांची एक सवय साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. सकाळी गाडी थंड असतानाच ते टायरमधली हवा मीटर लावून बघत, नक्षीत रुतलेले खडे काढत आणि टायरच्या कडेवरून हात फिरवत. लोक हसायचे. "सर्जेराव, म्हसरं न्हाईत ती!" म्हणायचे. तेही हसून सोडून द्यायचे.

सवय लागली होती ती भिगवणजवळ. काही वर्षांपूर्वी हायवेवर पुढच्या गाडीचा टायर फुटला, गाडी उलटली आणि मागून येणारे सर्जेराव आधी धावले. एका बाईला त्यांनी ओढून बाहेर काढलं. "माझं पोरगं बघा," एवढंच ती म्हणत होती. पोरगं गेलं होतं. ड्रायव्हर रस्त्यातच बसून सांगत होता, "टायरला कडंनं फुगा आला हुता. म्हटलं, एवढी खेप करू." सर्जेरावांनी हे फक्त बायकोला, लीलाबाईंना सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही.

मग भाचीचं, स्वप्नालीचं लग्न आलं. थोरली बहीण द्वारकाबाई पणदऱ्यात दिलेली. लग्न भिगवणला, नवऱ्या मुलाकडं. नवरीला मामाच्या जीपमधून न्यायचं ठरलेलं. भर मे महिना. लीलाबाई आठवडाभर आधीच पणदऱ्याला गेल्या होत्या. त्या सकाळी सर्जेराव पणदऱ्याला निघाले, तर वाटेत कालव्याच्या पुलापाशी चाक खड्ड्यात जोरात आदळलं. गाडी नीट चालत होती, म्हणून ते तसेच आले.

नवरी आत बसली, बायका बसल्या, टपावर रुखवत चढलं. निघण्याआधी सर्जेरावांनी वाकून चाकं पाहिली. मागच्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला होता.

त्यांनी स्टेपनी काढली. तिच्यात हवा नव्हती आणि रबराला चिरा पडल्या होत्या. चार चाकं रोज जपणाऱ्या माणसानं पाचवं कित्येक महिन्यांत पाहिलंच नव्हतं. गावातला पंक्चरवाला पाहुण्यातलाच, तो पहाटेच लग्नाला पुढं गेलेला.

"समद्यांनी उतरा," सर्जेराव म्हणाले. "ही गाडी जाणार न्हाय."

दाजी, म्हणजे बहिणीचे मालक, तावातावानं आले. "तितंवर जाईल की! हळू चालवा."

"न्हाय दाजी. ऊन हाय, माणसं भरल्यात. टायरच्या आतल्या दोऱ्या तुटल्या असत्यात. कवा फुटंल सांगता येत न्हाय."

द्वारकाबाई पुढं आल्या. "सर्जा, मुहूर्त टळंल. माझ्या तोंडाकडं बघ."

सर्जेरावांना बहिणीचं तोंड दिसत होतं. पण त्यांनी किल्ली काढून खिशात घातली.

शेवटी दुधाचा टेम्पो धुऊन घेतला आणि नवरी त्यात बसली. टेम्पोत जागा पुरेना, तेव्हा सर्जेरावांनी आपली जागा एका म्हातारीला दिली. बारामतीपर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर, पुढं एसटीनं, असे ते भिगवणला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाच्या जागी सर्जेरावांचा चुलतभाऊ उभा राहिला होता. स्वप्नाली पाया पडली, तेव्हा सर्जेरावांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

"लेकीच्या लग्नाला मामा नव्हता, ह्ये जल्मभर ऐकायचं मी," द्वारकाबाई एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी चाक काढून बारामतीला नेलं आणि दुकानात टायर उतरवला. सर्जेरावांनी दुकानदाराला विचारलं, "फुटला असता का?"

"फुटलाबी असता, न्हायबी," तो म्हणाला. "असल्या टायरचं काय खरं न्हाय."

हे उत्तर सर्जेरावांना फार दिवस छळत राहिलं. फुटला नसता तर? त्यांनी नवी स्टेपनी घेतली आणि चारांबरोबर तीही रोज बघू लागले. भाऊबीजेला ते पणदऱ्याला गेले. बहिणीनं ओवाळलं, जेवू घातलं, बोलली मात्र नाही.

उन्हाळा पुन्हा तोंडावर आला आणि एक दिवस द्वारकाबाईंचाच फोन आला. त्यांचा थोरला मुलगा अविराज बारामतीला कंपनीत लागला होता. "अवीनं जुनी मोटारसायकल आणलीया. चाकं बघून जा."

सर्जेराव गेले. पुढच्या चाकात हवा कमी होती, टायर बरा होता. मागचा मात्र पार गुळगुळीत.

"मामा, पावसाळ्यापतुर चालंल न्हवं?" अविराजनं विचारलं.

"वल्या रस्त्यावर ब्रेक दाबलास की सरकंल. आन् मागं कुणी बसणार आसंल तर मागं हवा जास्त लागती. किती, ते गाडीवर लिवलेलं आसतं."

"आजच बदलून आण," द्वारकाबाई म्हणाल्या. अविराज गाडी ढकलत दुकानाकडं निघाला. दोघंच उरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर्जा, त्या दिशी येवढं काय दिसलं हुतं रं तुला?"

तेव्हा सर्जेरावांनी हायवेवरची ती बाई सांगितली. तिचं पोरगं सांगितलं. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तवाच का न्हाय बोललास?"

"लगीनघरात असलं कसं बोलू, आक्का?"

द्वारकाबाईंनी आतून फोन आणला, स्वप्नालीला लावला आणि भावाच्या हातात दिला. "बोल तिच्याशी," म्हणाल्या. "समदं सांग."