क्वाकोमामाचा शंख

आमच्या क्वाकोमामाच्या चुलीवर निखारा मागायला कोणी येत नसे. गावात ज्याची चूल आधी पेटली त्याच्याकडून निखारा न्यायचा ही रीत. पण मामाचं दार टाळून लोक पार टेकडीपलीकडे जायचे. गुलामीत तो उसाच्या मळ्यावरचा शंखवाला होता. पहाटे मुकादमाने ढोसलं की मामा शंख फुंकायचा, आणि उठायला उशीर करणाऱ्याच्या पाठीवर चाबूक बसायचा. फिबामावशी एकदा तापात होती, उठली नाही. तिची पाठ मी पाहिली आहे.

जमैकात गुलामी सुटून सहा वर्षं झाली होती. सुटल्या दिवशीच मामाने शंख पोत्यात बांधून टाकला. माणूस मोठा गमत्या, पण ऐकायला कोणी नाही, म्हणून डुकराला गोष्टी सांगून स्वतःच हसायचा. मला फार वाईट वाटायचं.

मग निवडणूक आली आणि पेनिफोल्डसाहेब उभे राहिले. साखरेचे व्यापारी, आजोबांपासूनचे श्रीमंत. म्हणजे स्पष्टच बोलायचं तर आमच्या आजोबांच्या घामावर. आता आमच्यातल्या जमीनवाल्यांनाही मत होतं, तेव्हा स्वारी मामाच्या अंगणात आली.

"क्वाको, उद्या पहाटे शंख फुंक. माणसं बाजाराला पांगायच्या आत मला त्यांच्याशी बोलायचंय."

"साहेब, फाडून खातील मला."

"मग माझ्या जमिनीवरचं तुझं कोनफळाचं शेत सोड."

शेत गेलं तर खायचं काय, आणि शंख फुंकला तर गावात तोंड कुठे दाखवायचं? मामाचा चेहरा एवढासा झाला.

पहाटे त्याने फुंकला. साहेब खोक्यावर उभे राहून वाट बघत होते. चिटपाखरूही फिरकलं नाही. मी जागी होते. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. शेजारच्या झोपडीत कोणीतरी खुदकन हसलं. मग पलीकडच्या. बघता बघता सगळी आळी अंथरुणात पडून हसायला लागली.

"नीट फुंक!" साहेब ओरडले.

"साहेब, डोंगरापलीकडची गाढवंसुद्धा उठली."

"मग माणसं कुठे आहेत?"

"अंथरुणात. ऐकताहेत."

साहेब घोड्यावर बसून आल्या वाटेने गेले. मामाने सांगितलेलं काम चोख केलं होतं, त्यामुळे शेतावरून काही बोलायला त्यांना तोंडच राहिलं नाही.

ऊन चांगलं वर आल्यावर फिबामावशी हातात खापरी घेऊन मामाच्या दारात उभी राहिली. मामा धडपडत उठला. आता ही काय बोलणार म्हणून मीच घाबरले.

"क्वाको," ती म्हणाली, "शंख ऐकून लोळत पडायची हौस होती रे मला. जन्माची. आज फिटली."

मामा लहान पोरासारखा रडायला लागला.

"रडतोस काय मेल्या? निखारा घाल यात. आणि उद्या पुन्हा फुंक. जरा लवकर."