सासऱ्यांनी हरलेला डाव

मंडळी, आज नात मला पोकर शिकवत होती. पहिल्याच डावात माझ्या हातात दोन एक्के आले. ती म्हणाली, "आजी, पानं भारी असली की सुरुवातीलाच बोली वाढवायची."

मला मुलुंडची, लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. बहात्तर साल असावं. माहेरच्या आठवणीने मी गप्पच असायचे. घरात चिंचोके लावून तीन पत्ती चालली होती. मला तीन एक्के आले आणि हसू फुटलं. ते बघून सगळ्यांनी पानं टाकली. सासरे मात्र खेळत राहिले, सगळे चिंचोके हरले.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, तिचा चेहरा दिसत नव्हता का?"

"दिसत होता ना. पोरगी या घरात पहिल्यांदाच हसली. लगेच कशाला डाव संपवू?"

तुमच्यासाठी असं मुद्दाम कोण हरलंय?