तक्ता चौदामधली चौथी ओळ

सोमवारी सकाळी ऑफिसात एकही जुनी फाइल उघडेना.

आमची संस्था वसईत आहे. सर्वेक्षणं करते. लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरायची, त्यांचे तक्ते काढायचे आणि त्यावरून अहवाल लिहायचा. मी तिथे चोवीस वर्षं डेटा प्रोसेसिंग बघत होते. तक्ते काढायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्याचं जुनं व्हर्जन एकाच मशीनवर उरलं होतं आणि ते मशीन शनिवारी जळलं. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, ते व्हर्जन आता आम्ही सपोर्ट करत नाही आणि नव्यात या फाइली उघडत नाहीत. फाइलींचा बॅकअप होता, पण त्या वाचणार कशाने?

सामंत सर आमचे संचालक. मी बी.एस्सी. करून गिरीजहून सायकलवर नोकरी मागायला आले, तेव्हा त्यांनीच मला घेतलं. क्रॉस टॅब, म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं एकाच तक्त्यात आडवी-उभी कशी मांडायची, हे त्यांनी मला फळ्यावर शिकवलं.

"बारा वर्षांचं काम आहे त्यात," ते म्हणाले. "जेसिंता, तू आतून बघ ना. फाइल म्हणजे शेवटी आकडेच."

रेश्मा आमची प्रोग्रामर. ती म्हणाली, "मॅडम, फाइलीत कुठे काय आहे ते मला लिहून द्या. मी वाचणारा प्रोग्रॅम बनवते."

हे लिहून देणं म्हणजेच फॉरमॅटचं डॉक्युमेंटेशन. कॉम्प्युटरची कुठलीही फाइल म्हणजे बाइट्सची रांग असते. एक बाइट म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्नमधला एक आकडा. साध्या मजकुराच्या फाइलीत त्या आकड्यांची अक्षरं होतात आणि आपल्याला वाचता येतात. बायनरी फाइलीत तसं नसतं. तिथे कुठला बाइट काय सांगतो, हे फक्त ती बनवणाऱ्याला ठाऊक असतं. त्याने सांगितलं नाही, तर आपण शोधायचं.

माझ्याकडे एक सोय होती. प्रत्येक फाइलीतले तक्ते कुठल्या ना कुठल्या छापील अहवालात होते. डाव्या हाताला अहवाल, समोर स्क्रीनवर बाइट्स. अहवालात तीनशे दिसतंय, तर फाइलीत तीनशे शोधायचं. ते सापडायचं ‘४४, १, ०, ०’ असं. म्हणजे एकदा दोनशे छप्पन आणि वर चव्वेचाळीस. लहान भाग आधी, मोठा नंतर. हे कळायला मला दोन दिवस लागले. कळल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी रेश्माला पाव-भुजिंग खाऊ घातलं.

मग एकेक उलगडत गेलं. आधी तक्त्याचं नाव. मग किती ओळी, किती रकाने. मग प्रत्येक ओळीचं नाव, इंग्रजीत, आणि त्याआधी ते किती अक्षरांचं आहे तो आकडा. टक्केवारी आठ बाइट्समध्ये, पूर्ण दशांशासकट. छापताना किती दशांश दाखवायचे, ते वेगळं लिहिलेलं. मी वहीत लिहायचे, रेश्मा त्याप्रमाणे कोड करायची. चाळीस पानं झाली. खरं सांगते, इतक्या वर्षांत कामात एवढी मजा आली नव्हती.

प्रत्येक ओळीच्या नावामागे मात्र एक बाइट होता. बहुतेक ठिकाणी शून्य. मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले.

अडकले ती तक्ता चौदावर.

तो तक्ता कामणच्या बाजूच्या गोदामांच्या सर्वेक्षणातला होता. आठ वर्षांपूर्वीचा. काम दिलं होतं गोदाममालकांच्या एका संघाने. मजुरांना काम करताना काय इजा होतात ते बघायचं, आणि त्यावरून संघ तपासणी आणि विम्याची योजना करणार. फील्डवर मी स्वतः सुपरवायझर होते; तक्ते मात्र त्या वेळी सरांनी काढले होते. तक्ता चौदा होता पाठीच्या आणि कमरेच्या इजांचा. छापील अहवालात तीन ओळी होत्या: कायम पुरुष, कंत्राटी पुरुष, कायम स्त्रिया. फाइल म्हणत होती, चार ओळी.

मला वाटलं, मीच चुकतेय. तीन दिवस मी स्वतःची चूक शोधली. मागची पानं पुन्हा तपासली. चौथ्या दिवशी प्रश्नचिन्हाकडे लक्ष गेलं. पहिल्या तीन ओळींमागे तो बाइट शून्य होता. चौथीच्या मागे एक.

बाकीचे तक्ते काढून बघितले. जिथे जिथे एक होता, ती ती ओळ छापील अहवालात नव्हती. बहुतेक ठिकाणी त्या ‘माहीत नाही’, ‘उत्तर दिलं नाही’ अशा ओळी होत्या. त्या आम्ही नेहमीच लपवायचो. सॉफ्टवेअरमध्ये ओळीवर राइट क्लिक करून ‘हाइड’ म्हटलं की ती दिसेनाशी व्हायची. आता कळलं, ती पुसली जायची नाही. नुसता एक बाइट बदलायचा.

तक्ता चौदामधली चौथी ओळ होती कंत्राटी स्त्रिया.

ही ओळ अहवालात का नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे तसं मी समजत होते. सरांनी तेव्हा सांगितलं होतं, "बेस कमी पडला." बेस म्हणजे त्या गटातल्या किती जणांनी उत्तर दिलं तो आकडा. तीसच्या आत असेल तर आम्ही टक्केवारी छापत नसू. नियमच होता. तक्त्यांखाली ‘तपासले’ म्हणून माझी सही आहे. आणि अहवालानंतर कामणला जाऊन त्या बायकांना मीच सांगितलं होतं, की तुमची संख्या कमी भरली, म्हणून तुमचं वेगळं आलं नाही. योजना झाली. तक्त्यात ज्यांची ओळ होती ते योजनेत गेले.

मी चौथ्या ओळीचे आकडे वाचले. बेस शंभराच्या वर होता. इजा पुरुषांच्या दुपटीहून जास्त.

प्रिंट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला.

"हे अजून आहे होय त्यात?" ते म्हणाले.

"सर, बेस कमी नव्हता."

"संघाची विनंती होती. कंत्राटी बायका योजनेत घ्याव्या लागल्या असत्या, तर त्यांनी योजनाच केली नसती. बाकीच्यांना तरी मिळालं ना?"

"मला बेस कमी सांगितलात तुम्ही."

"खरं सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

मी प्रिंटवरच्या बेसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आणि आपण काही पुसलेलं नाही," ते म्हणाले. "नुसतं लपवलं. डेटा जसाच्या तसा आहे." मग प्रिंट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "डॉक्युमेंटमध्ये त्या बाइटला रिझर्व्ड लिही. म्हणजे कंपनीने राखून ठेवलेला, अर्थ माहीत नाही. आणि रेश्माच्या प्रोग्रॅममध्ये, त्या रीडरमध्ये, अशा ओळी दाखवायच्या नाहीत."

मी लिहिलं, ‘शून्य असल्यास ओळ दाखवावी. एक असल्यास ओळ लपवलेली आहे. आकडे शाबूत आहेत.’ तसंच सरांना मेल केलं. दोन दिवसांनी फायनल प्रत आली, त्यात ‘रिझर्व्ड’ होतं. लेखिका म्हणून पहिल्या पानावर माझं नाव तसंच.

रेश्माला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, सरांनी सांगितलं. आणि तसं बघितलं तर चूक नाही ना? जुनं सॉफ्टवेअर जे दाखवायचं तेच आपला रीडर दाखवतो."

तसं बघितलं तर चूक नव्हती.

मी माझ्या नावाने संघाला पत्र पाठवलं, आकड्यांसकट. उत्तर चार ओळींचं आलं. योजना दोन वर्षांपूर्वीच बंद झाली आहे. अहवालाविषयी काही शंका असल्यास सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेशी संपर्क साधावा. सर्वेक्षण करणारी संस्था म्हणजे सामंत सर.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर कामणला गेले. वनिताला शोधलं. त्या सर्वेक्षणात बायकांना गोळा करून माझ्यासमोर आणायची ती हीच. तेव्हा ती खोकी उतरवायची. आता रस्त्याकडेला भाजी घेऊन बसते. उठताना तिने आधी एक हात टोपलीवर टेकला, मग दुसरा गुडघ्यावर.

मी सगळं सांगितलं. ओळ होती, आकडा होता, लपवला होता. प्रिंट पुढे केली. तिने हातात घेतली नाही.

"तवा तू बोललीस, बाया कमी भरल्या."

"मला तसं सांगितलं होतं, वनिता."

"तुला कोनी सांगायला कशाला पायजे?" ती म्हणाली. "आमी सगल्या लाइनीत उभ्या होतो तुझ्यासमोर. दुपारभर. तू सोताच्या हातानं एकेकीचं लिवून घेतलंस. तुला म्हाईत नवतं किती होतो?"

गिऱ्हाईक आलं. तिने भेंडी तोलून दिली. मी प्रिंटची घडी घालून पिशवीत ठेवली. मग ती म्हणाली, "जा आता. ऊन वाढतंय," आणि टोपल्यांवर गोणपाट सरळ करायला लागली.

पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला. सरांनी निरोपसमारंभ ठेवला, मी गेले नाही. रीडर चांगला चालतो असं ऐकते. बारा वर्षांच्या फाइली सगळ्या उघडतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बेस कमी आहे असं कोणी म्हटलं, तर किती आहे ते विचारा. सांगणाऱ्याने तुम्हाला शिकवलेलं असेल, तर दोनदा विचारा.