विमान रुळावरून आणणारा गार्ड

चरोद्याच्या गार्डबाबूंची फाइल बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्यातलं एक साधं गणित मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मी भिलाईजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दुपारी चारच्या सुमारास एका माणसाचं डोकं लोखंडी पान्याने फुटलं. तो दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालगाडीवरचे एक गार्ड स्वतःहून ठाण्यात आले आणि म्हणाले, "मी मारलं." सगळे खूश. आरोपी आपल्या पायांनी आला की आमची पायपीट वाचते, मग फार खोलात कोणी शिरत नाही.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "साहब, वो तो चार दिन से दिल्ली में थे, बड़ी बेटी के घर. यहाँ छोटी अकेली थी."

मी गार्डबाबूंना समोर बसवलं. माझं आडनाव मराठी पाहून ते घरच्या बोलीवर आले.

"दिल्लीलेच होतो. पण काल दुपारी विमानानं रायपूरले उतरलो."

"तिकीट?"

"फेकलं."

"विमान किती वेळ उडालं?"

"तेराशे किलोमीटर, आठशेचा वेग. एक तास सदतीस मिनिटं, साहेब."

मला नवल वाटलं. विमानातून उतरलेला माणूस कान दुखले म्हणतो, चहा महाग होता म्हणतो. किलोमीटर कोणी सांगत नाही. संगणकावर पाहिलं, तर दिल्ली-रायपूर अंतर सरळ रेषेत साडेनऊशेच्याही आत. तरी वेळापत्रकात जवळपास दोन तास, कारण विमान धावपट्टीवर खोळंबतं, सावकाश चढतं, सावकाश उतरतं. तेराशे हे रेल्वेचं अंतर. या भल्या माणसाने विमानही रुळावरूनच आणलं होतं.

"गार्डबाबू, विमानात कधी बसलात?"



"नाही बसलो. धाकट्या पोरीचा फोन आला अन् गाडी धरली. रस्ताभर हाच हिशेब करत आलो. तिले सरकारी नोकरी लागून राहिली, साहेब. तुमची पडताळणीच बाकी आहे. तिच्यावर केस झाली त सारंच गेलं." आणि ते रडू लागले.

धाकटीला बोलावलं. तिने न अडखळता जबाब दिला. तो माणूस घरात घुसला, तिचा हात धरला, पाना हाताशी होता. हे उघड स्वसंरक्षण होतं, आणि पुढे तपासातही तेच ठरलं. पण सही करताना ती थांबली.

"बाबाचं खोटं तुमी एका संध्याकाळी पकडलं. मी त्याच माणसाची तक्रार घेऊन इथं दोनदा आली होती. ते कावून नाही लिहिली?"

मी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, काढून मागची पानं चाळली. तिचं नाव कुठेच नव्हतं. मला फार लाज वाटली.

खोटं पकडण्यात मी तरबेज होतो. खरं सांगायला आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यावी, हे मला त्या पोरीने शिकवलं.